बाबासाहेबांचे दुखणे आणि आपण

चौकाचौकांत बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. ताठ मान, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट पुढे. हे रूप आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, ज्या पायांवर ते उभे होते त्याच पायांनी त्यांना अखेरच्या नऊ-दहा वर्षांत किती छळले, हे आपल्या भाषणांत कधी येतच नाही. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यांच्या पदव्या मोजल्या जातात, ग्रंथ मोजले जातात. जागून काढलेल्या रात्री मात्र कोणी मोजत नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी बाबासाहेब मसुदा समितीवर नेमले गेले आणि तिचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दाहाने त्यांना गाठले होते. पायांतल्या कळा रात्री सुरू होत त्या पहाटेपर्यंत थांबत नसत. पंधरा-पंधरा दिवस झोप नाही अशी अवस्था. इन्सुलिन चालू, जोडीला होमिओपॅथीचीही औषधे. आणि दिवस उजाडला की पुन्हा कलमे, उपकलमे, दुरुस्त्या! फेब्रुवारी १९४८ मध्ये संविधानाचा मसुदा तयार झाला तो अशा रात्रींच्या पाठीवर.

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत मसुदा समितीची जी हकिकत सांगितली ती चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतले होते आणि एक-दोघे बहुधा प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते. यातले शेवटचे कारण आपण फारसे लक्षात घेत नाही. तब्येत बरी नाही म्हणून दूर राहण्याची मुभा इतरांना होती, पण ज्याची तब्येत खरोखर ढासळत चालली होती त्याच्याच टेबलावर सगळे काम येऊन पडले. अस्पृश्यांतून आलेल्या माणसाला आजारी पडण्याचीही सोय नव्हती! तो एक दिवस आडवा झाला असता तर ह्यांना झेपत नाही असे म्हणायला माणसे टपलेलीच होती.

रमाई १९३५ साली गेल्या होत्या. बारा वर्षे घर ओकेबोके होते. दुखणाऱ्या माणसाला औषधाइतकीच वेळेवर जेवायला लावणाऱ्या, रात्री उठून पाहणाऱ्या माणसाची गरज असते. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांकडे उपचार चालू असताना तिथल्याच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. त्याच पुढे आपल्या माईसाहेब. या लग्नावर त्या वेळी आपल्याच लोकांनी किती तोंडसुख घेतले ते सांगायला नको.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र पाठवून हिंदू कोड बिल लवकर घ्यावे, असा आग्रह धरला. डॉक्टर महिनाभराच्या उपचारांसाठी मागे लागले होते आणि त्याआधी बिल मार्गी लागावे ही तळमळ होती. बिल रखडले. सप्टेंबरअखेर त्यांनी राजीनामा दिला, पण तो प्रकृतीमुळे नव्हे, हे त्यांनी निक्षून सांगितले. दुखण्याचा आडोसा घेणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

आज अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोली पट्ट्यात जा. कारखान्यांत ठेकेदाराकडे पाळी करणारे आपले बांधव, घरकामाला जाणाऱ्या आपल्या भगिनी कंबर धरून, गुडघा दाबून उभ्या असतात. दुखते म्हणून सांगितले तर उद्यापासून येऊ नको असे ऐकावे लागते आणि घरी सांगितले तर नाटक ठरते. जखम दिसते, प्लास्टर दिसते. ठणका दिसत नाही, म्हणून त्याला रजा नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी पावले उचलली. कामगार विम्याची आखणीही त्याच काळात झाली आणि १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. आजारी कामगाराची भाकरी बुडू नये हाच त्याचा गाभा. ठेकेदार नोंदच करत नसेल तर त्या कायद्याचा उपयोग काय, हे आपल्या पुढाऱ्यांनी विचारायला हवे; पण त्यांना कमानी आणि बॅनर यांतून सवड नाही.

भगवान बुद्धांचीही पाठ दुखत असे. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत देशना केल्यावर त्यांनी पाठ दुखते असे सरळ सांगितले, पुढचा उपदेश आनंदावर सोपवला आणि संघाटी अंथरून आडवे झाले. संघाला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

बाबासाहेबांना असा आनंद किती मिळाला? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्या लोकांनी निराश केल्याचे त्यांनी भरल्या डोळ्यांनी बोलून दाखवले. १४ ऑक्टोबरला नागपुरात हातात काठी आणि सोबत माईसाहेब अशा अवस्थेत धम्मदीक्षा, दुसऱ्या दिवशी तिथेच प्रदीर्घ भाषण, तिसऱ्या दिवशी चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडू. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या घरी नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. सरकारी नोकरी सांभाळून, ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे येऊन टंकलेखन करणारा हा पंजाबी कार्यकर्ता आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

६ डिसेंबरनंतर वर्षानुवर्षांच्या आजाराचा सर्वांना विसर पडला आणि माईसाहेबांवर संशयाची राळ उडाली. मृत्यू नैसर्गिक असल्याचे सरकारी चौकशीतून पुढे आले तरी ती खाली बसली नाही. २००३ मध्ये निधन होईपर्यंत बराच काळ त्या चळवळीपासून दूर, एकाकी राहिल्या. वास्तविक बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, विझू घातलेली आपली ज्योत पत्नीने आणि डॉ. मालवणकरांनी पुन्हा पेटती ठेवली, अशा अर्थाची कृतज्ञता नोंदवली होती. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. वाचकांच्या हाती ती पडायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली.