विश्लेषण : लोणावळ्याच्या पावसात दिसणारे चतुर आणि ते ओळखायला शिकवणारे लष्करी डॉक्टर

पावसाळा सरत आला की लोणावळ्याच्या पठारांवर, पवनेच्या काठी आणि मावळातल्या भातखाचरांवर चतुरांचे थवे दिसू लागतात. त्यांच्या जोडीला ओढ्याकाठच्या गवतावर काडीसारख्या बारीक टाचण्या बसलेल्या असतात. आज सह्याद्रीत यांच्या सुमारे २०० जाती माहीत आहेत. एखादी जात नेमकी कोणती, हे पक्के करायचे तर अभ्यासक अजूनही ९० वर्षांपूर्वीच्या तीन खंडांकडे वळतात. ते लिहिणारे फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर कीटकशास्त्राचे प्राध्यापक नव्हते, लष्करी डॉक्टर होते.

फ्रेझर कोण होते?

फ्रेझर यांचा जन्म १८८० साली इंग्लंडमध्ये झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’मध्ये दाखल झाले आणि लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. दक्षिण हिंदुस्थानातील वास्तव्यात त्यांनी कूर्ग, निलगिरी आणि मलबारचे ओढे पालथे घातले. १९१८ पासून मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात ‘इंडियन ड्रॅगनफ्लाइज’ ही त्यांची लेखमाला सुरू झाली आणि अनेक वर्षे चालली.

त्यांचे वेगळेपण काय?

तोवर आपल्याकडच्या बऱ्याच जातींची वर्णने युरोपातल्या संग्रहालयांत, टाचून ठेवलेल्या नमुन्यांवरून झाली होती. वाळलेल्या चतुराचे रंग उडतात आणि तो कोणत्या पाण्यावर उडत होता, हेही कळत नाही. फ्रेझर स्वतः जाळे घेऊन ओढ्यात उतरत. नर-मादीच्या जोड्या लावत, पाण्यातली पिल्लेही तपासत. या मेहनतीचे फळ म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतील चतुरांवरचे १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये निघालेले तीन खंड. त्यांत आजचा भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंका मिळून पाचशेहून अधिक जाती-उपजातींची नोंद आहे. १९२० मध्ये लेडलॉ या शास्त्रज्ञाने पश्चिम घाटातल्या एका टाचणीला फ्रेझर यांचे नावही दिले : युफिया फ्रेझरी.

चतुर आणि टाचणी कसे ओळखायचे?

चतुर अंगाने दणकट असतो. तो बसताना पंख आडवे पसरून ठेवतो आणि त्याचे मोठे डोळे बहुतेक वेळा एकमेकांना टेकलेले असतात. टाचणी सडपातळ असते. तिचे डोळे एकमेकांपासून दूर असतात आणि बसल्यावर ती बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. टाचणीच्या पिल्लाला शेपटाकडे पानासारखे तीन कल्ले असतात. चतुराचे पिल्लू शरीराच्या मागच्या टोकातून पाणी आत घेऊन श्वास घेते आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे झेपावते. फुलपाखरासारखा कोशाचा टप्पा यांच्यात नसतो. पूर्ण वाढलेले पिल्लू काठावरच्या काडीवर चढते, कात टाकते आणि उडून जाते.

पंखांवरून वंशावळ कशी मांडली?

चतुरांचे प्राचीन नातलग ३० कोटी वर्षांपूर्वीही होते. त्यांपैकी मेगान्यूरा या कीटकाच्या पंखांचा पसारा दोन फुटांहून अधिक होता. अशा कीटकांचे मऊ शरीर दगडात क्वचितच टिकते, पण पंखांचे ठसे टिकतात. म्हणून पंखांवरच्या शिरांची जाळी हा जुन्या आणि आजच्या जातींना जोडणारा दुवा ठरला. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रॉबिन टिलयार्ड यांनी या शिरांवर मोठे काम केले होते. १९३७ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. अर्धवट राहिलेले काम फ्रेझर यांनी पुढे नेले आणि १९५७ मध्ये चतुरांच्या संपूर्ण गणाची नवी मांडणी प्रसिद्ध केली.

या मांडणीत हिमालयातल्या एका दुर्मीळ कीटकाला महत्त्वाचे स्थान होते. एपिओफ्लेबिया लेडलॉइचे पंख टाचणीसारखे आणि शरीर चतुरासारखे असते. त्या काळी तो दोघांमधला दुवा मानला गेला. आता मात्र तो चतुरांचा जवळचा भाऊबंद समजला जातो.

त्यांचे सगळे बरोबर ठरले का?

नाही. पश्चिम घाटातल्या ओढ्यांवर राहणाऱ्या काही नाजूक टाचण्यांच्या पंखांवर शिरा फार कमी असतात. फ्रेझर यांनी १९२२ मध्ये नाव दिलेली ‘एस्मे’ ही प्रजाती त्यांतलीच. अमेरिका खंडातल्या काही टाचण्यांचे पंखही असेच असतात, म्हणून या सगळ्या एका कुळात मोडत. पुढे डीएनए तपासल्यावर दिसले, की शिरा कमी होण्याचा बदल वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडला आहे. २०१४ मध्ये ‘एस्मे’ आणि तिच्या आशियाई नातलगांना दुसऱ्या कुळात हलवले गेले. मात्र फ्रेझर यांनी केलेली जातींची वर्णने बव्हंशी टिकून आहेत. वंशावळ बदलली, तरी त्यातली माणसे तीच राहावीत, तसे हे झाले.

मावळासाठी याचे महत्त्व काय?

मावळात दोन तऱ्हेचे पाणी आहे. एक सह्याद्रीतून खळाळत येणाऱ्या ओढ्यांचे आणि दुसरे वळवण, शिरोता, पवना अशा धरणांत साठलेले. साठलेल्या पाण्यावर आणि पावसाच्या डबक्यांत वाढणाऱ्या जाती काटक असतात. पॅन्टाला फ्लेवेसेन्स हा पिवळसर चतुर तर दीड-दोन महिन्यांत डबक्यातले बालपण संपवतो आणि समुद्र ओलांडण्याइतका लांब उडतो. ओढ्यातल्या अनेक टाचण्यांना मात्र सावली, दगडगोटे आणि वाहते स्वच्छ पाणीच लागते. काठाची झाडे तोडली, ओढ्याचा सिमेंटचा नाला केला किंवा त्यात सांडपाणी सोडले, तर पिल्लांची पुरी पिढी पाण्यातच संपते. वर मात्र डबक्यातले चतुर उडत राहतात, त्यामुळे काही बिघडल्याचे पर्यटकाला जाणवतही नाही.

हा फरक जाती ओळखता आल्या तरच कळतो. कोणती जात कुठे होती याची जुनी नोंद असेल, तरच कोणती नाहीशी झाली ते सांगता येते. सह्याद्रीच्या बाबतीत त्या नोंदीचा मोठा भाग फ्रेझर यांच्या हातचा आहे. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले, तिथेही ब्रिटनमधल्या चतुरांवर त्यांनी पुस्तक लिहिले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची यादी पुरी नव्हती, हेही दिसून आले आहे. सिंधुदुर्गातल्या चौकुळ गावाच्या नावाची बर्मागोम्फस चौकुळेन्सिस ही चतुराची जात २०२२ मध्ये जगासमोर आली. नव्या जाती अजूनही सापडत आहेत, पण ज्या ओढ्यांत त्या सापडू शकतात, ते ओढे आधी शिल्लक राहायला हवेत.