विश्लेषण: गोव्याहून गेलेला गेंडा न पाहताच ड्यूररने कसा छापला?

जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये लाकडी ठशावरून गेंड्याचे चित्र छापले. हा गेंडा भारतातून गेला होता, पण ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. तरीही पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपसाठी गेंडा म्हणजे हेच चित्र होते. असे का झाले?

ड्यूरर कोण होता?

त्याचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्यूरेम्बर्गमध्ये झाला. वडील हंगेरीतून आलेले सोनार. धातूवरचे कोरीवकाम तो त्यांच्याकडेच शिकला. १४८६ मध्ये तो मिखाएल वोल्गेमुटच्या चित्रशाळेत दाखल झाला. तिथे छापील पुस्तकांसाठी लाकडी ठसे तयार होत. १४९८ मध्ये त्याने ‘अपोकॅलिप्स’ ही १५ ठसाचित्रांची मालिका स्वतःच प्रकाशित केली आणि त्याचे नाव युरोपभर झाले. ‘एडी’ ही त्याच्या आद्याक्षरांची खूण म्हणजे त्या काळातला ब्रँडच. नकला करणारे तीही उचलत.

गेंडा युरोपात कसा पोहोचला?

पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने परवानगी नाकारली, पण गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो राजा मॅन्युएलकडे पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेला गेंडा २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. त्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक रेखाटन न्यूरेम्बर्गला पोहोचले. ड्यूररच्या हाती एवढीच माहिती होती.

ठसा कसा बनला?

ड्यूररने आधी शाईने चित्र काढले. त्यात गेंड्याचे तोंड डावीकडे आहे. छापताना प्रतिमा उलटते, म्हणून छापील गेंडा उजवीकडे पाहतो. ठशात रेषांच्या आजूबाजूचे लाकूड कोरून काढतात. उंच राहिलेल्या रेषांना शाई लागते आणि त्या कागदावर उमटतात. छपाईचे खिळेही असेच उंच असल्याने चित्र आणि मजकूर एकत्र छापता येत. एका ठशातून हजारो स्वस्त प्रती निघत. ड्यूररच्या हयातीत या चित्राच्या चार ते पाच हजार प्रती विकल्या गेल्याचा अंदाज आहे.

चित्रात चूक काय?

भारतीय गेंड्याच्या कातडीला जाड घड्या असतात. ड्यूररने त्यांचे चिलखताचे पत्रे केले, पायांवर खवले काढले आणि खांद्यावर एक छोटे शिंग जास्तीचे बसवले.

चूक इतकी वर्षे का टिकली?

पडताळायला गेंडाच उरला नाही. राजाने तो पोप लिओ दहावे यांना भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडाने बांधलेला गेंडाही बुडाला. ड्यूररचे चित्र मात्र पुस्तकांतून नकलून छापले जात राहिले.

प्रत्यक्ष पाहण्याची ओढ ड्यूररलाही होती. १५२० मध्ये तो किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहायला झीलंडला गेला, पण तोवर मासा वाहून गेला होता. ६ एप्रिल १५२८ रोजी त्याचे न्यूरेम्बर्गमध्येच निधन झाले.

१७४१ मध्ये भारतातूनच आणलेली ‘क्लारा’ ही गेंड्याची मादी युरोपभर फिरवली गेली. चित्रकार उद्रीने १७४९ मध्ये तिला समोर पाहून रंगवले. त्यानंतरच ड्यूररचा चिलखती गेंडा हळूहळू मागे पडला.