ट्रंपेट आणि लेखणी

ट्रंपेट हे फुंकून वाजवण्याचे पितळी वाद्य. ते वाजवणाऱ्याच्या छातीत भरपूर दम असावा लागतो. ज्याचे हृदयच अधू, त्याने हे वाद्य निवडावे, हे नवलच! फ्रान्समधील बोरिस व्हियाँ यांनी मात्र तेच निवडले.

व्हियाँ यांचा जन्म १० मार्च १९२० रोजी पॅरिसजवळील विल-दाव्रे येथे झाला. बाराव्या वर्षी आलेल्या संधिवाताच्या तापाने त्यांचे हृदय कायमचे दुबळे झाले. तरीही १९४२ साली ते अभियंता झाले आणि वस्तूंची मानके ठरवणाऱ्या संस्थेत नोकरी करू लागले.

त्या वेळी पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. नाझींना ते मुळीच रुचणारे नव्हते. अशा काळात व्हियाँ एका हौशी वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवू लागले. युद्ध संपल्यावर सें-जेर्में-दे-प्रे भागातील तळघरांमध्ये त्यांच्या मैफली रंगू लागल्या. दिवसा कार्यालय, रात्री संगीत आणि उरलेल्या वेळात लेखन, असा त्यांचा दिनक्रम होता.

'जॅझ हॉट' या मासिकात त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ लेखन केले. जॅझविषयी इतरत्र जे छापून येई, त्याचा ते मिश्किल शैलीत समाचार घेत. कृष्णवर्णीय कलावंतांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीवर त्यांनी कठोर टीका केली. ड्यूक एलिंग्टन, माइल्स डेव्हिस यांसारखे थोर वादक पॅरिसला आले, तेव्हा व्हियाँ त्यांचे स्नेही झाले.

१९४६ साली टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीमुळे त्यांच्यावर खटला झाला व दंडही भरावा लागला. पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाने आलेल्या कादंबरीकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. तिची नायिका छातीत उमललेल्या कमळामुळे खंगत जाते. लेखकाचे स्वतःचे दुखणेही छातीतच होते.

१९५०च्या सुमारास प्रकृतीमुळे त्यांना ट्रंपेट खाली ठेवावे लागले. लेखणी मात्र थांबली नाही. १९५४ साली त्यांनी युद्धावर जाण्यास नकार देणाऱ्या माणसाचे गीत रचले. नभोवाणीवर त्याला बंदी आली; पण पुढे ते अनेक देशांत गायले गेले.

२३ जून १९५९ रोजी, खटला झालेल्या त्याच कादंबरीवरील चित्रपट पाहत असताना त्यांचे हृदय बंद पडले. वय अवघे ३९ वर्षांचे होते. ज्या कादंबरीची हयातीत उपेक्षा झाली, ती मृत्यूनंतर लाखो वाचकांनी आपलीशी केली. आयुष्य थोडे आहे, हे व्हियाँ यांना लहानपणीच कळले होते. म्हणूनच त्यांनी त्यातला एकही दिवस वाया जाऊ दिला नाही.