विश्लेषण : अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचा माग जुन्या दप्तरांतून कसा लागला?

अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना स्वत:च्या आजोबांपलीकडचे घराणे फारसे ठाऊक नव्हते. १८६०च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांनी आपली माहिती लिहून दिली, तेव्हा पूर्वज पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आणि तेथून केंटकीत आले, एवढेच ते सांगू शकले. आईवडिलांच्या लग्नाबद्दल तर त्यांच्या हयातीतच कुजबुज सुरू झाली होती. आज मात्र या कुटुंबाच्या सात पिढ्यांचा प्रवास सांगता येतो, तो खरेदीखते, मृत्युपत्रे, करयाद्या आणि विवाहनोंदींच्या आधारे.

लिंकन घराणे मूळचे कुठले?

इंग्लंडमधील नॉर्फोक परगण्यातील हिंगम गावचे. तेथील सॅम्युअल लिंकन हा विणकाम शिकणारा तरुण १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये उतरला आणि गावकऱ्यांनी वसवलेल्या नव्या हिंगममध्ये स्थिरावला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय लोहारकाम करी. नातवाचे नावही मॉर्डेकायच. हा नातू न्यू जर्सीत गेला, तेथून पेनसिल्व्हेनियात. त्याचा मुलगा जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियातील लिनविल क्रीकच्या खोऱ्यात उतरला. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम म्हणजे अध्यक्षांचे आजोबा. त्यांनी १७८०च्या सुमारास तेथील जमीन विकली आणि केंटकीची वाट धरली.

मग स्वत: लिंकन यांना हा धागा का सापडला नाही?

त्यांनी प्रयत्न केला होता. १८४८ मध्ये ते काँग्रेसचे सदस्य असताना हिंगममधील सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. दोन्हीकडे मॉर्डेकाय, अब्राहम, एनॉक अशी तीच ती नावे येत होती. पण तेवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही. अडचण मधल्या न्यू जर्सीच्या मुक्कामाची होती. स्थलांतर करणारे कुटुंब एका काउंटीच्या दप्तरातून नाहीसे होते आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या दप्तरात उगवते. दोन्हीकडचा मॉर्डेकाय एकच, हे दाखवणारा कागद मिळेपर्यंत साखळी तुटलेलीच राहते. हा दुवा लिंकन यांच्या मृत्यूनंतर जमिनीच्या व्यवहारांतून आणि मृत्युपत्रांतून जुळला. १९२३ मध्ये वॉल्डो लिंकन यांनी घराण्याचा सविस्तर इतिहासच प्रसिद्ध केला.

याच शोधात एक गमतीची सोयरीक हाती लागते. पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत लिंकन कुटुंबाचे शेजारी होते बून. केंटकीची वाट उघडणारा प्रसिद्ध डॅनियल बून याच घरातला. जॉन लिंकनच्या सावत्र भावाने, त्याचेही नाव अब्राहम, डॅनियलची चुलत बहीण अ‍ॅन हिच्याशी १७६० मध्ये लग्न केले.

केंटकीत काय घडले?

मे १७८६ मध्ये शेतात काम करत असताना कॅप्टन अब्राहम मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. थोरल्या मॉर्डेकायने बंदूक उचलली म्हणून धाकटा थॉमस वाचला, ही हकिगत लिंकन यांनी लहानपणी वारंवार ऐकलेली. पण कुटुंबाच्या नशिबावर गोळीइतकाच परिणाम कायद्याने केला. तेव्हाच्या वारसा नियमाने जमीन थोरल्या मुलाकडे गेली आणि थॉमसला मजुरी व सुतारकाम करत वाढावे लागले. हाच थॉमस अध्यक्षांचा पिता.

थॉमसला पुढे अनेकांनी आळशी, भटका ठरवले. न्यायालयीन कागद वेगळे सांगतात. केंटकीत सरकारी मोजणी आधी झालेलीच नव्हती. झाड, ओढा, खडक यांच्या खुणांवर हद्दी ठरत आणि एकाच जमिनीवर अनेकांचे हक्क चढत. आपल्या भाषेत, एका शेताचे तीन सातबारे. थॉमसने एकामागून एक तीन शेते घेतली आणि तिन्ही ठिकाणी त्याला जमिनीच्या हक्काच्या भानगडीने गाठले. ज्या सिंकिंग स्प्रिंग शेतावर १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम जन्मला, तेही गेले. १८१६च्या डिसेंबरमध्ये कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेले. गुलामगिरी हे एक कारण होते; मुख्य कारण जमिनीचे, असे लिंकन यांनीच पुढे नोंदवले. इंडियानात केंद्र सरकारने चौकोनी मोजणी करून जमीन विकायला काढली होती. थॉमसने १८१७ मध्ये १६० एकरांची नोंद केली. पण हप्ते पेलले नाहीत. अखेर निम्मी सोडून १८२७ मध्ये ८० एकरांचा निर्वेध हक्क मिळवला. तीन वर्षांनी बिऱ्हाड पुन्हा हलले, इलिनॉयकडे.

लग्नाची नोंद सापडली कुठे?

थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांचे लग्न झालेच नव्हते, ही अफवा पसरण्याचे कारण अगदी साधे होते. शोध हार्डिन काउंटीत, एलिझाबेथटाउनच्या कचेरीत घेतला गेला. तेथे थॉमसच्या दुसऱ्या, १८१९च्या लग्नाचीच नोंद होती. पहिले लग्न झाले होते वॉशिंग्टन काउंटीत. लिंकन यांच्या हत्येनंतर काही वर्षांनी तेथील स्प्रिंगफिल्ड गावच्या कचेरीत १० जून १८०६चा विवाह हमीपत्राचा कागद मिळाला. विवाहात कायदेशीर आडकाठी नसल्याबद्दल ५० पौंडांची हमी, त्यावर थॉमस आणि रिचर्ड बेरी यांच्या सह्या. पाद्री जेसी हेड यांनी दोन दिवसांनी, १२ जूनला लग्न लावल्याचीही नोंद होती. थोरली मुलगी सारा हिचा जन्म फेब्रुवारी १८०७चा. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला आपल्या आईची अब्रू राखणारा हा कागद पाहायला मिळाला नाही.

आणि नॅन्सीचे माहेर?

तेथे दप्तर तोकडे पडले. नॅन्सी ही ल्यूसी हँक्स हिची लग्नाआधी झालेली मुलगी, असे लिंकन यांचे भागीदार वकील विल्यम हर्नडन यांनी चरित्रात लिहिले आणि मोठे वादळ उठले. काही अभ्यासकांनी नॅन्सीला दुसऱ्याच, विवाहित दाम्पत्याची मुलगी ठरवणारी वंशावळ मांडली. वाद शतकभर चालला. शेवटी २०१५ मध्ये आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएचा आधार घेण्यात आला. लिंकन यांचा शेवटचा थेट वंशज १९८५ मध्ये वारला होता. पण या चाचणीला त्यांचा वंश नव्हे, तर हँक्स घराण्यातील स्त्रियांची परंपरा लागत होती. त्या शाखांतील वंशजांचे नमुने दुर्मीळ अशा एकाच गटातील निघाले आणि नॅन्सी ल्यूसीचीच मुलगी असल्याचे स्पष्ट झाले. नॅन्सीचे वडील कोण, हे मात्र कोणत्याही कागदाने किंवा चाचणीने अद्याप सांगितलेले नाही.