रेव्हरंड टिळक आणि मंडळीचा उंबरठा

जळगावात १९०७ साली भरलेले पहिले कविसंमेलन खानदेशाच्या स्मरणात राहिले ते बालकवींमुळे. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराला संमेलनाध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी याच संमेलनात ही उपाधी दिली. संमेलनास आलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला जीव लावला आणि पुढे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) आपल्या घरी पोटच्या मुलासारखे वागवले. ठोमरे हिंदूच राहिले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात बाप्तिस्म्याविना माणूस आपला होऊ शकत होता. मंडळीत मात्र तसे नव्हते.

त्या काळी प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासदत्व म्हणजे बाप्तिस्मा, रविवारची उपासना, प्रभुभोजन आणि यथाशक्ती दान. जो येईनासा होई, त्याच्याकडे पाळकाने जावे, समजूत घालावी आणि तरीही तो न परतल्यास पंचांनी त्याच्या नावाचा विचार करावा, ही रीत. नोंदवहीत नाव असलेला कोरडा राहू शकतो आणि नाव नसलेला भक्तीने भिजलेला असू शकतो, हे त्या वहीला सांगता येत नाही.

टिळकांनी हा उंबरठा स्वतः ओलांडला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीला १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. पुढची दोन वर्षे ते मनाने ख्रिस्ताचे होते, पण कोणत्याही यादीत नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. त्याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे दुरावल्या. त्या परतल्या तेव्हाही प्रथम आपले सोवळेओवळे सांभाळूनच नांदल्या आणि १९०० मध्ये स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या. बाप्तिस्मा म्हणजे आईबाप, जात आणि गाव यांना एकदम मुकणे, हे टिळकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९०४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत रुजवले. तरीही मिशनच्या पगारावर पोसलेली मंडळी आपल्याच देशात परकी दिसते, ही सल गेली नाही. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभला.

दरबाराची अट एकच होती, ख्रिस्ताचे शिष्यत्व. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच पंक्तीला. यावर मिशनरी आणि देशी ख्रिस्ती दोघेही धास्तावले. ही धास्ती क्षुद्र म्हणता येत नाही. ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावले, त्यांच्या त्यागाला मग अर्थ काय उरला? शिवाय सीमाच नसेल तर चुकलेल्याला जाब कोण विचारणार आणि कशाच्या आधारे? या प्रश्नांचे समाधानकारक उत्तर टिळकांनी दिले असे दिसत नाही. त्यांनी मंडळी सोडली नाही आणि ती मोडण्याचा विचारही केला नाही. दाराबाहेर थांबलेल्यांसाठी त्यांना अंगण हवे होते. बाहेरचे लोक आपल्या मंडळीत का येत नाहीत, असा उलटा प्रश्न सभासदांनाच विचारणारे ते अंगण होते.

दरबाराला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. ख्रिस्ती प्रथेनुसार दफन न करता, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. चालकाविना दरबार लवकरच विस्कटला. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे अपुरे काव्य मात्र लक्ष्मीबाईंनी पुरे केले.