व्हिन्सेंटला न मानवलेली स्तुती

व्हिन्सेंट व्हॅन गॉग उपेक्षेने खचला, असेच मी समजत होतो. १८५३ साली हॉलंडात जन्मलेल्या या माणसाची चित्रविक्रीची नोकरी गेली, धर्मप्रचाराचे कामही टिकले नाही. मग कुंचला हाती आला. पण जानेवारी १८९० ची हकीकत वाचली आणि मी थबकलो. तो सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना आल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने पॅरिसच्या मासिकात त्याच्यावर गौरवपर लेख लिहिला. व्हिन्सेंटने आभार मानले, सायप्रसचे एक चित्रही देऊ केले. पण हा मान खरा गोगँ व मोंतिसेली यांचा, असे कळवले. एप्रिलअखेर तर ओरिएने आपल्याविषयी आणखी लिहू नये, असे त्याने भाऊ थिओला सांगायला लावले! अपयशी ही ओळख त्याच्या अंगवळणी पडली होती. स्तुतीतला व्हिन्सेंट त्याला परका वाटला असावा. वर्गात माझा निबंध वाचला गेला, तेव्हा मीही चुकाच मोजत बसलो होतो. व्हिन्सेंट २९ जुलै १८९० रोजी वारला. वय ३७.