लुई पाश्चर आणि डुकरांची लस

पाश्चर म्हटलं की रेबीजची लस आणि पिशवीतलं दूध आठवतं. डुकरांसाठी त्यांनी केलेली लस मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल गावात, कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण रसायनशास्त्राचं, ते डॉक्टर नव्हते, हे आम्ही डॉक्टरांनी लक्षात ठेवावं. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. लसींचं सगळं काम त्यानंतरचं आहे.

१८८२ मध्ये फ्रान्समध्ये डुकरांना एक साथीचा आजार ग्रासत होता. ताप, अंगावर लाल चट्टे आणि बऱ्याचदा मृत्यू. एक-दोन डुकरांवर वर्ष काढणाऱ्या शेतकऱ्याला हे नुकसान झेपणारं नव्हतं. पाश्चर यांचा तरुण सहकारी लुई थुइलिए याने मार्चमध्ये या आजाराचा जंतू शोधला. नोव्हेंबरमध्ये दोघं दक्षिणेकडच्या बोलेन गावी जाऊन राहिले.

हा जंतू माणसालाही सोडत नाही. मांस किंवा मासे कापताना बोटाला जखम झाली, तर तिथे जांभळट लाल, खूप दुखणारी सूज येते. ती धावऱ्यासारखी दिसते, पण धावरे वेगळ्या जंतूमुळे होतं. अशी सूज आली तर डॉक्टरांना आपलं काम काय ते जरूर सांगा. पेनिसिलिनने ती बरी होते. क्वचित मात्र हा जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचतो.

पाश्चर आणि थुइलिए यांनी हा जंतू एका सशातून दुसऱ्या सशात असा टोचत नेला. सशांसाठी तो जास्त घातक होत गेला, डुकरांसाठी मात्र सौम्य. कबुतरांतून नेल्यावर उलट घडलं: डुकरांसाठी तो अधिकच मारक झाला. म्हणजे जंतूची ताकद कायमची ठरलेली नसते, तो कोणत्या प्राण्यात वाढला यावर ती बदलते. सशांतून सौम्य झालेला जंतू हीच लस. पुढे रेबीजच्या विषाणूवर काम करतानाही त्यांनी प्राणी बदलून पाहिले.

सौम्य असला तरी तो जिवंत जंतू होता, आणि टोचताना धाकधूक असायचीच. आज संशोधक याच जंतूच्या पृष्ठभागावरचं ‘एसपीएए’ हे प्रथिन, त्याचं जनुक ई. कोलायमध्ये घालून बनवतात. लसीत जंतू नाही, फक्त त्याचा एक तुकडा. प्रयोगांत डुकरांना त्याने संरक्षण मिळालं आहे.

थुइलिएला पुढचं फारसं पाहता आलं नाही. १८८३ मध्ये कॉलऱ्याचा अभ्यास करायला तो इजिप्तला गेला आणि सप्टेंबरमध्ये अलेक्झांड्रियात कॉलऱ्यानेच गेला. वय २७. नोव्हेंबरमध्ये डुकरांच्या लसीचा निबंध प्रसिद्ध झाला. पाश्चर यांनी तो दोघांच्या नावाने दिला होता.